रविवारी टिकलेली नावं

टॉवेल कारखान्यातल्या बायकांचा फोटो मी पुन्हा उघडला, तर त्याच्या शेजारचं पान कोरं होतं. आदल्या संध्याकाळी मी त्यावर सगळ्या बायकांची नावं लिहिली होती, डावीकडून उजवीकडे, पुढची रांग आधी. लिहून पुन्हा वाचलीही होती. सकाळी त्यातलं एक अक्षर नाही.

असं पहिल्यांदा झालं तेव्हा वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं असेल. पुढच्या वेळी चिडले. त्यानंतर मात्र मला त्यात गोडी वाटायला लागली. कारण सगळीच नावं जात नव्हती. रविवारी लिहिलेली राहत होती.

आमचा फोटो स्टुडिओ होता, बाळीवेशीत. माझे यजमान रेवणप्पा फोटो काढायचे आणि मी आतल्या खोलीत निगेटिव्हवर रीटचिंग करायचे. काचेखाली दिवा, हातात टोकदार पेन्सिल. मुरुमं, सुरकुत्या, देवीचे व्रण हलक्या हाताने भरून काढायचे. लग्नाच्या मुली, नवे मास्तर, निवडणुकीला उभे राहिलेले पुढारी, सगळे माझ्या पेन्सिलीखालून गेले. दुकान बंद झाल्यावर यजमानांनी शेवटची काही वर्षं घरी बसून त्या निगेटिव्ह स्कॅन केल्या आणि कॉम्प्युटरमध्ये भरल्या. फोटोंना नुसते नंबर दिले. नावं तू सांग, मी लिहितो, असं म्हणायचे. ते राहून गेलं. आता ती माणसं कोण हे सांगणारी मीच उरले आहे.

मागच्या दिवाळीत माझ्या मुलाने, आदिनाथने, प्रत्येक फोटोशेजारी त्याच नंबरचं एक कोरं पान तयार करून दिलं. "इथं लिहीत जा, अव्वा," म्हणाला. आमच्या घरात कन्नड आणि मराठी मिसळूनच चालतं, म्हणून मी अव्वा. पानाच्या डबीएवढी एक हार्ड डिस्कही आणली. काम संपलं की पडद्यावरचं हिरवं बटण दाबायचं, मग कॉम्प्युटर आणि डिस्क एकमेकांशी ताडून पाहतात. ज्याच्याकडे नवीन प्रत असेल त्याची दुसऱ्याकडे जाते आणि तिथली जुनी हटते. एक बिघडलं तरी दुसऱ्यात राहावं, म्हणून ही सोय.

आदिनाथ त्याच्या बायकोबरोबर, ऋतुजाबरोबर, पुण्याला असतो. रविवारी येतो, माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसतो, मोबाइलवरून कॉम्प्युटरला नेट जोडून देतो आणि काय काय अपडेट करतो. एरवी व्हायरसच्या भीतीने त्याने नेट बंदच ठेवलं आहे. त्या दिवशी मी लिहिलेली नावं जागची हलत नाहीत.

"अव्वा, तू सेव्ह करत नाहीस," तो म्हणाला.

"करते की."

"मग रविवारीच कसं राहतं? मी शेजारी बसलो की राहतं, एकटी असलीस की जातं. मी आलोय हे कॉम्प्युटरला कळतं का?"

त्याने तो प्रश्न मला गप्प करायला विचारला होता, पण मला तो आवडला. खरंच, कसं कळत असेल?

आदिनाथ माझ्याकडे न बघता चहाची कपबशी फिरवत होता. "पुढच्या रविवारी मी हे सगळं पुण्याला नेतो. डिस्क, कॉम्प्युटर, सगळं. फोटो आहेत तसे राहू देत, नावं नसली तरी चालेल. आणि तूही चल. ऋतुजाच्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत. विसरण्याचे."

"विसरण्याचे डॉक्टर?"

"म्हणजे स्मरणशक्तीचे."

"एकाच माणसाला दोन्ही येतं होय?"

मी हसले. तो हसला नाही. त्याला काय दिसत होतं ते मला ठाऊक होतं. माझी थोरली बहीण शेवटी शेवटी अक्कलकोटच्या घरात मलाच विचारायची, बाई, तुम्ही कुणाच्या? तेव्हा आदिनाथ माझ्याबरोबर होता.

सोमवारी मी पुन्हा त्याच फोटोला बसले. नावं लिहिली, बंद केली, उघडली. होती. पुन्हा बंद, पुन्हा उघडली. होती. संध्याकाळी नेहमीसारखं सगळं आवरलं. सकाळी पान कोरं. म्हणजे मी लिहीत होते आणि ते जागेवर बसतही होतं. मधेच कधीतरी कुणीतरी उचलत होतं. घरात तर माझ्याशिवाय कुणी नाही.

मी चांदबीला फोन लावला. तिचे यजमान गैबीसाब यांचं काचफ्रेमचं दुकान आमच्या स्टुडिओला लागून होतं. आम्ही फोटो द्यायचो, ते चौकट घालायचे. त्यांची सबिहा आता अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात चादरीची डिझाइनं कॉम्प्युटरवर बनवते.

"सबिहाला जरा पाठवशील का गं? कॉम्प्युटर नावं खातोय माझी."

"हौ की, पाठवते. धूर आला का त्यातून? माझ्या मिक्सरमधून आला होता."

"धूर नाही."

"धूर नाही तर मी पण येते. धूर असला तर नक्को."

कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी मायलेकी रिक्षाने आल्या. चांदबी कमरेचा पट्टा सावरत पलंगावर बसली. सबिहाने कशालाही हात लावला नाही.

"मावशी, रोज जसं करता तसंच करा. मी इथं नाहीच असं समजा."

"मग चहा कुणाला टाकू?"

"चहापुरती आहे मी."

मी भिंतीवरच्या बोर्डाचं बटण चालू केलं, कॉम्प्युटर उठेपर्यंत चहा केला, आदिनाथचं डॉक्टरांचं बोलणं दोघींना सांगितलं, फोटो उघडला. तो एका खंडेनवमीचा फोटो आहे. यंत्रांची पूजा झाल्यावर मालकांनी शिवण खात्यातल्या बायकांना कारखान्याच्या दारात उभं केलं होतं. मी नावं लिहिली, सेव्ह केलं, सबिहाच्या सांगण्यावरून बंद करून उघडलं. होती.

"आता पुढं काय करता?"

"हिरवं बटण. मग कॉम्प्युटर बंद करते, बोर्डावरचंही बंद करते आणि उठते."

"बटण दाबा. पण आज बंद करू नका. पान उघडा."

पान उघडलं. कोरं! माझ्या डोळ्यांसमोर, पापणी लवायच्या आत. इतके दिवस मी बटण दाबून लगेच उठत होते, म्हणून हे मला कधी दिसलंच नव्हतं.

"म्हणजे राखायला ठेवलेला वॉचमनच उचलून नेतो की गे!" चांदबी पलंगावरून म्हणाली.

"नाही अम्मी, तो सांगितलेलंच काम करतो," सबिहा म्हणाली. "नवीन ठेवायचं, जुनं काढायचं. मावशीनं आत्ता लिहिलेलं त्याला जुनं वाटतंय आणि डिस्कवरचं कोरं पान नवीन. का वाटतंय ते बघायचं. नवीन-जुनं तो तारखेवरूनच ठरवणार." ती पडद्याच्या खालच्या कोपऱ्याकडे वाकली. "मावशी, हे काय चिकटवलंय इथं?"

"काळा कागद."

"ते दिसतंय. कशाला?"

आता काय सांगायचं! निगेटिव्हमध्ये नको असलेला भाग झाकायला आम्ही काळा कागद लावत असू. मागं कुणाची सायकल आली, कुणाचा हात आला, की लावा कागद. त्यातला एक तुकडा माझ्या पेटीत पडून होता. त्या कोपऱ्यात कॉम्प्युटरचं घड्याळ आहे आणि ते कायम चुकायचं. सकाळचे दहा वाजलेले असायचे आणि ते रात्रीचे बारा दाखवायचं. मला चुकीचं घड्याळ समोर चालत नाही. स्टुडिओतलं बंद पडलं की मी ते भिंतीवरून उतरवून ठेवायचे. हे उतरवता येईना, म्हणून झाकलं. आदिनाथने विचारलं होतं, तेव्हा डोळ्यांवर उजेड येतो म्हणून सांगितलं.

सबिहाने नखाने कागद सोडवला. खाली लिहिलं होतं : १ जानेवारी २००९.

मग चांदबी हळूच म्हणाली, "दोन हजार नऊ. तेव्हा आमचे हे होते. तुझे पण होते."

"तेव्हाच घेतला हा कॉम्प्युटर," मी म्हणाले. यजमानांनी खोक्यातून काढताना त्याला हळद-कुंकू वाहिलं होतं आणि गैबीसाब दारातून ओरडले होते, रेवणप्पा, आता याच्यासाठी पण चौकट करू का?

सबिहाने मला समजावून सांगितलं. कॉम्प्युटरच्या पोटात मनगटी घड्याळात असते तशी एक चपटी बॅटरी असते. वीज नसली तरी तेवढ्यावर तो तारीख लक्षात ठेवतो. ती बॅटरी मेली आहे. नुसता कॉम्प्युटर बंद केला असता तर भिंतीतून येणाऱ्या विजेवर त्याचं भागलं असतं, पण मी बोर्डाचं बटण बंद करते. शटर ओढण्याआधी मेन स्विच बंद, हा स्टुडिओतला यजमानांचा नियम. तो माझ्या हाताला लागला आहे. त्यामुळे रोज सकाळी कॉम्प्युटर एक जानेवारीलाच जागा होत होता. मी लिहिलेलं सगळं २००९ सालचं ठरत होतं आणि आदिनाथची कोरी पानं मागच्या दिवाळीची. कोरी पानं जिंकत होती.

"आणि रविवारी?" मी विचारलं. मला उत्तर जवळ आलेलं दिसत होतं, पण तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

"रविवारी आदिनाथदादा नेट जोडतात. नेट मिळालं की कॉम्प्युटर खरी तारीख विचारून घेतो आणि घड्याळ आपलं आपण दुरुस्त करतो. ह्या कागदाखाली."

"म्हणजे त्यालाच ने की पुण्याच्या डॉक्टरकडे!" चांदबी म्हणाली आणि आम्ही तिघी इतक्या हसलो की तिचा पट्टा सुटला.

गेलेली नावं मी पुन्हा लिहायला तयार होते. पण सबिहा डिस्क धुंडाळत होती. "दादांनी एक बरं केलंय," ती म्हणाली. "हटवलेली प्रत फेकून द्यायची नाही, बाजूला ठेवायची, असं सांगून ठेवलंय. बघा."

'जुनं' नावाच्या एका कप्प्यात ती सगळी होती. माझं प्रत्येक पान, प्रत्येकावर तीच एक जानेवारी. टॉवेल कारखान्याचं पान तर किती वेळा पडलं होतं, प्रत्येकापुढे वेगळा आकडा घालून. सबिहाने ती पडद्यावर शेजारी शेजारी मांडली आणि वाचता वाचता थांबली.

"मावशी, हे दर वेळी कशात बघून लिहिलं?"

"कशात बघणार? डोक्यातलं लिहिलं."

ती मोठ्याने वाचू लागली. नावं तीच, क्रम तोच. 'हिचा दीर बँड वाजवायचा' हे प्रत्येक पानावर होतं. 'ही नंतर माळशिरसला दिली' हेही होतं. माझी परीक्षा चालली होती आणि मला पत्ताच नव्हता. मी तिथेच बसून गार झालेला चहा पिऊन टाकला.

"एक फरक आहे पण," सबिहा म्हणाली. मागच्या रांगेतली शेवटची बाई. एका पानावर मी बजाबाई लिहिलं होतं, बाकी सगळीकडे गोजाबाई.

त्या दोघी बहिणी. एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं इतक्या सारख्या. बजाबाईच्या गालावर देवीचे व्रण होते, तेवढाच फरक. फोटोतला गाल स्वच्छ होता.

"मग गोजाच," चांदबी म्हणाली. "व्रण कुठं आहेत?"

मीही तसंच धरून लिहीत असणार. पण मग एकदा बजाबाई कुठून आली? मी त्या चेहऱ्याकडे बघत राहिले आणि मला आवाज आठवला, आतल्या खोलीच्या दारातून आलेला : अक्का, गालाचं तेवढं बघा की. व्रण मीच भरले असतील, तर फोटोत दिसतील कसे?

निगेटिव्ह पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत आहेत. चांदबीला उठवलं, पेटी ओढली. नंबरावरून ती निगेटिव्ह सापडली. मी ती कडांना धरून खिडकीशी नेली आणि तिरकी केली. पेन्सिलीचं शिसं तिरक्या उजेडात चमकतं. मागच्या रांगेत, शेवटच्या बाईच्या इवल्याशा गालावर, बारीक ठिपके चमकले. बाकी कुणाच्याही चेहऱ्यावर काही नव्हतं.

"बजाबाई," मी म्हणाले.

सबिहाने बराच वेळ ती निगेटिव्ह खाली ठेवली नाही. वेगवेगळ्या कोनांतून बघत राहिली. "हे स्कॅनमध्ये येतच नाही," ती स्वतःशीच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने चपटी बॅटरी आणून बसवली. मी मेन स्विच बंद केला, चालू केला. घड्याळ बरोबर होतं. काळा कागद पेटीत परत ठेवला.

रविवारी आदिनाथ रिकामं खोकं घेऊन आला, कॉम्प्युटर न्यायला. मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि ती सगळी पानं शेजारी शेजारी उघडली. त्याने वाचली. तारीख बघितली. कोपऱ्यातलं उघडं घड्याळ बघितलं. कपाळाला हात लावला.

"मीच लावून दिलं होतं हे," तो म्हणाला. "नवीन असेल ते ठेव म्हणून."

"तू बरोबरच लावलंस. बॅटरी मेली त्याला तू काय करणार!"

तो पुन्हा पानं वाचू लागला. मग एके ठिकाणी बोट ठेवलं. "पण अव्वा, इथं चुकलीस की. एकदाच बजाबाई, बाकी गोजाबाई."

"हो. तेवढं डॉक्टरांना सांग."

आता तो हसला. "एकदा दाखवून तरी येऊ?"

"येईन की. एवढे फोटो होऊ देत."

त्याने पडद्यावर पुढचा फोटो उघडला. कॉलर वर केलेला एक पोरगेला माणूस, हातात प्लॅस्टिकची फुलं. "हा कोण?"

"भीमा. फुलं आमच्याच स्टुडिओची. परत न देता तसाच निघाला होता, तुझे अप्पा मागे धावले. लिही."

रिकामं खोकं पायाने बाजूला सारून आदिनाथ लिहू लागला.