टाकीला लावलेलं कुलूप

"टाकीनी चावीनी नक्कल करी तू! डिझेल काढस आणि रॉकेल भरस!" धडगावच्या जीपस्टँडवर सगळ्या ड्रायव्हरांसमोर चुनीलालशेठ असं ओरडला, तेव्हापासून जालमसिंगचं डोकं पेटलेलं होतं. नऊ वर्षं तो शेठची जीप शहादा-धडगाव चालवत होता. नऊ वर्षांत एक बाटली डिझेल त्याने घरी नेलं नव्हतं.

आज शेठ शेजारी बसला होता आणि मागे मेकॅनिक राजेंद्र, हातात स्कॅनर. गाडी घाटात बंद पडे आणि दर वेळी तोच कोड येई: इंजिनाकडे डिझेलचा दाब कमी. फिल्टर बदलून झाला, पंप बदलून झाला. आज कारण सापडलं नाही तर शेठ जालमसिंगला काढून थेट पोलीस ठाण्यात जाणार होता.

"डिझेल भरायला पंपावर तुम्ही टाकी उघडता, त्यानंतर तीसेक किलोमीटर गाडी झकास पळते," जालमसिंग म्हणाला. "मग मरते. पंधरा मिनिटांनी आपोआप चालू. रॉकेल असतं तर पंधरा मिनिटांत त्याचं डिझेल झालं असतं का?"

"तोंड कमी चालव. रस्ता बघ."

जालमसिंगने गिअर असा पाडला की शेठचं कपाळ पुढच्या काचेला लागता लागता राहिलं.

चौथ्या वळणावर जीप आचके देऊ लागली. राजेंद्र मागून स्कॅनरवरचे दाबाचे आकडे वाचत होता, आणि ते घसरतच होते. इंजिन बंद पडलं.

"हे कधीपासून?" राजेंद्रने विचारलं.

"महिन्यापासून. शेठने टाकीला हे कुलूपवालं झाकण बसवलं तेव्हापासून."

"आधी का नाही सांगितलं, दादा?"

"तीनदा सांगितलं! कुलूप खुपतं म्हणून बोलतोय, असं म्हणाले."

राजेंद्र खाली उतरला. टाकीशी वाकून झाकण पाहिलं. "शेठ, चावी द्या."

चावी शेठच्या गळ्यातल्या दोऱ्यात होती. ती फिरवली, झाकण सैल केलं, आणि टाकीने मोठा श्वास घ्यावा तशी हवा सूं करत आत शिरली. बराच वेळ शिरत राहिली.

"स्टार्ट मारा, दादा."

पहिल्याच सेल्फला इंजिन लागलं. आकडा जागेवर आला.

"डिझेल जातं तेवढी हवा आत यायला पाहिजे," राजेंद्र म्हणाला. "कंपनीच्या झाकणात त्यासाठी वाट असते. या बाजारच्या झाकणात नाही. मग टाकी डिझेल आतून ओढून धरते, पंप काय करेल? जुना पंपही चांगलाच असणार."

शेठने चावी परत गळ्यात अडकवली. मग म्हणाला, "बरं, सापडनं ना? राजेंद्र, सीटखालचं जुनं झाकण लाव. चल जालम, धडगाव."

जालमसिंगने चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"काय झालं?"

"चोर कुठे म्हणालात मला?"

"अरे, रागात निघी गयं तोंडातून."

"कुठे म्हणालात?"

"...स्टँडवर."

"मग तिथेच बोलायचं. सगळे ड्रायव्हर असताना. आज बाजार आहे, कुणी गेलेलं नसेल."

"गाडी मन्ही शे, जालम."

"तुमचीच आहे. चालवा." त्याने दार उघडलं आणि एक पाय खाली टाकला.

शेठने वरच्या वळणांकडे पाहिलं, मग राजेंद्रकडे. राजेंद्र मान खाली घालून स्कॅनरची वायर गुंडाळत होता.

"बस आत," शेठ शेवटी म्हणाला. "बोलतो."

"हे कुलूपवालं झाकण हातात धरून बोला," जालमसिंग म्हणाला, आणि मगच त्याने दार ओढून घेतलं.