रिकामे होते, भरले

पुन्हा तोच पांढरा चौकोन उमटला. ‘डीबगरची प्रतीक्षा करत आहे.’ खाली एकच बटण : सक्तीने बंद करा.

“बघितलं ना?” मंगलाबाई म्हणाल्या. “चार दिवस झाले, हेच चालू आहे. आधी मला वाटलं नेट नाही. शेजारच्या भैयांकडून चेक करवून घेतलं. ते म्हणाले, नेट तर एकदम बढिया आहे, काकी.”

“नेटचा संबंध नाही, काकू,” क्षितिजा म्हणाली. संबंध कशाचा आहे ते मात्र तिला ठाऊक नव्हतं.

डीबगर म्हणजे चुका शोधायचं साधन. अ‍ॅप उघडता उघडता थांबवायचं आणि आत काय चाललंय ते पाहायचं. हे अ‍ॅप तिनेच तुकोगंजच्या ऑफिसात लिहिलेलं होतं आणि ते साधन तिच्या लॅपटॉपवर होतं; लॅपटॉप पिशवीत बंद होता. राजेंद्र नगरच्या या घरात अ‍ॅपने त्याची वाट पाहत बसायचं काहीच कारण नव्हतं.

समोर जयसिंगराव शितोळे बसले होते. वय एकाहत्तर, इस्त्रीचा शर्ट, उजवा हात मांडीवर निपचित. चार महिन्यांपूर्वी लकवा मारला. चालणं सावरलं, समजणं शाबूत राहिलं, शब्द तेवढे गेले. अ‍ॅप चित्र दाखवायचं, त्यांनी नाव उच्चारायचं; दिवसाला चाळीस चित्रं. पहिल्या सहा महिन्यांत जेवढं परत येईल तेवढं खरं, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. त्यातले चार दिवस या चौकोनाने खाल्ले होते.

फोन वाजला. ऑफिसमधून विपुल.

“क्या हुआ, निघालं काही?”

“नाही. दोनदा काढून परत टाकलं. माझ्याकडच्या चारही फोनवर चालतंय.”

“तर मग फोनच खराब आहे त्यांचा. सोड ना. चाचणीत अकरा पेशंट आहेत, एकाचं नाव कटलं तर काय फरक पडतो? रिपोर्ट आज संध्याकाळी द्यायचाय.”

“आज संध्याकाळपर्यंत वेळ आहे ना, भिया? मग नाव कापू नका,” असं म्हणून तिने फोन ठेवला.

मंगलाबाई ऐकत होत्या. “नाव कटणार यांचं?”

“चालू झालं तर नाही.”

एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत तिला एक शिस्त लागली होती : उपकरण खोटं बोलतंय असं वाटलं, तर आधी आपण काय गृहीत धरलंय ते लिहून काढायचं. तिने कागद घेतला. दोष अ‍ॅपमध्ये आहे, हे गृहीतक. अ‍ॅप काढून टाकलं तरी दोष राहतो. म्हणजे तो अ‍ॅपमध्ये नाहीच. फोनला कुणीतरी तसं सांगून ठेवलंय.

सेटिंग्ज उघडून ती तळापर्यंत गेली. तिथे ‘डेव्हलपर पर्याय’ चालू होते. हे तिचंच काम. चाचणीचं अ‍ॅप टाकताना तिने ते पान उघडलं होतं आणि बंद करायचं राहून गेलं होतं. आत एक ओळ होती, ‘डीबग अ‍ॅप निवडा’. तिथे एरवी कोणतंही नाव नसतं. इथे होतं. तिच्याच अ‍ॅपचं. त्याच्या खालचा ‘डीबगरची प्रतीक्षा करा’ हा खटकाही चालू होता.

“काकू, हे कुणी केलं?”

“मी तर हातसुद्धा लावला नाही, कसम से. मला फोन उचलता येतो आणि ठेवता येतो, बस.”

जयसिंगरावांनी डावा हात वर केला. वर्गात मुलं करतात तसा. मग उशीखालून एक वही काढून तिच्यापुढे सरकवली. डाव्या हाताचं वाकडंतिकडं अक्षर, पण समास सरळ आखलेला. शेवटची नोंद चार दिवसांपूर्वीची :

‘डीबग अ‍ॅप – रिकामे होते. भरले. प्रतीक्षा – होय.’

मंगलाबाईंनी वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. “अगं बाई. छत्तीस वर्षं दफ्तरात लोकांचे अर्जच तपासले यांनी. रकाना खाली सोडलेला दिसला की यांचा जीव घाबरा. माझ्या माहेरच्या लोकांचे फॉर्मसुद्धा वापस करायचे, चक्क. डॉक्टरीण म्हणाली रोज काहीतरी वाचा, तर हे फोनची सेटिंग वाचत बसले. वरून खालपर्यंत.”

जयसिंगराव हसले. ओठांची एकच बाजू हलली.

क्षितिजाने निवडलेलं नाव काढलं, खटका बंद केला. अ‍ॅप उघडलं. पहिलं चित्र आलं, वाटीचं. मंगलाबाई म्हणाल्या, “चला, मिटलं एकदाचं. चहा टाकते.”

क्षितिजा उठणारही होती. पण वहीतले शेवटचे दोन शब्द तिला अडवत होते. रिकामा रकाना भरला, हे कळलं. खटका कशाला?

“काका, ‘प्रतीक्षा’ला होय का केलंत?”

त्यांनी उत्तर द्यायचा प्रयत्न केला, शब्द आला नाही. मग त्यांनी फोनवर बोट ठेवलं. चित्राभोवती एक हिरवं वर्तुळ हळूहळू मिटत होतं. पाच सेकंदांनी ते पूर्ण मिटलं आणि फोन आपणच म्हणाला, “वाटी.” लगेच पुढचं चित्र आलं. जयसिंगरावांचे ओठ अजून पहिल्या अक्षरापाशीच होते. त्यांनी बोट उचलून वहीतल्या ‘प्रतीक्षा’वर टेकवलं.

फोनने त्यांच्यासाठी थांबावं, एवढंच त्यांना हवं होतं.

पाच हा आकडा तिचा होता. ऑफिसात बसून तिने स्वतः चाळीस चित्रांची नावं उच्चारून पाहिली होती. प्रत्येकाला सव्वा सेकंद पुरला. चौपट म्हणजे भरपूर, असं वाटलं होतं.

ती परत बसली. लॅपटॉप उघडला, केबल जोडली. वर्तुळ काढून टाकलं. आता उत्तर येईपर्यंत चित्र जागचं हलणार नव्हतं. नवं अ‍ॅप फोनवर चढवलं. या वेळी डेव्हलपर पर्याय आठवणीने बंद केले. मग विपुलला कळवलं : अकराच पेशंट, आणि वेळेची मर्यादा मी काढली आहे, कारण संध्याकाळी सांगते.

“करा, काका.”

छत्रीचं चित्र आलं. जयसिंगराव ताठ बसले. जीभ टाळूला लागली, सुटली, पुन्हा लागली. क्षितिजा सवयीने मनात मोजू लागली, अकरा, बारा. विसाच्या पुढे तिने मोजणं सोडलं. मंगलाबाई चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. चार महिने या घरातला प्रत्येक अडलेला शब्द त्यांनीच पुरा केला होता. आताही त्यांचं तोंड उघडलं.

जयसिंगरावांनी त्यांच्याकडे न पाहता डावा तळवा वर केला.

मंगलाबाईंनी तोंड मिटलं. कपांतल्या चहावर साय धरू लागली. पडद्यावर छत्री तशीच होती, आणि जयसिंगराव ‘छ’वर आले होते.