फोटोतला पंपवाला

घोडपदेवच्या चाळीत वाढलेली मेघना कुबल इतिहासाची प्राध्यापक झाली. देशादेशांतल्या पत्रव्यवहारातून इथल्या खाड्या-नद्यांचं काय झालं, हा तिचा विषय. त्यापायी चार वेळा परदेशी दफ्तरखान्यांत जाऊन बसली. शीव कोळीवाड्यात मात्र एकदाही गेली नाही. घोडपदेवहून टॅक्सीने जेमतेम अर्धा तास. पण विमानाचं तिकीट जोडलं नाही तर आपल्याकडे संशोधनाला संशोधन म्हणत नाहीत.

आणि तिचं सगळं नाव त्याच कोळीवाड्यावर उभं होतं. एकोणीसशे अठ्ठावन्नच्या सुमाराला एका परदेशी सरकारने मलेरियासाठी फुकट डीडीटी पावडर पाठवली. फाइली सांगत होत्या की कोळीवाड्यात तीन वर्षं घरटी फवारणी झाली, तरी ताप हटला नाही. मेघनाने सिद्धान्त मांडला: तिथले डास पावडर पचवायला शिकले, आणि त्या डासांनी दोन सरकारांना धोरण बदलायला लावलं. डॉक्टरेट, नोकरी, पुस्तक, बावीस वर्षं, सगळं या एका वाक्यावर. दुसरी आवृत्ती सोमवारी छापायला जाणार होती.

शुक्रवारी फोन आला.

"मी विल्मा कुटिन्हो, गिरगावातून. तुमच्या पुस्तकात पान एकशे बारावर फोटो आहे ना, पाठीवर पंप घेतलेला? खाली लिहिलंय, अज्ञात कामगार. अज्ञात कसला? माझा डॅडी आहे तो. अठ्ठ्याऐंशीचा आहे, जिवंत आहे आणि तुमच्यावर जाम भडकलाय."

मेघना तशीच निघाली. गिरगावात फणसवाडीपासून पाच मिनिटांवर त्यांचं घर. विल्माचा डॅडी कायतान खुर्चीत पुस्तक मांडीवर घेऊन बसला होता, हातात भिंग.

"बस गो बाय. तूच ना मला अज्ञात करणारी?"

"चुकलं अंकल. फाइलीत नाव नव्हतं."

"सायबाचं होतं ना? मग पंप काय सायबाने उचलला?"

मेघना खजील झाली. पण वही काढलीच. पंपाचं वजन किती, दिवसाला घरं किती, भिंतीवर मारायचा की छपरावर? असं कुणी कधी विचारलंच नव्हतं, म्हातारा खुलला.

"पहिल्या वर्षी सगळीकडे मारली. एका गल्लीत सात मांजरं मेली."

"आणि दुसऱ्या वर्षी?"

कायतानने लेकीकडे पाहिलं.

"सांग ना डॅडी," विल्मा चहा ठेवत म्हणाली. "आता कोण तुला मेमो देणार आहे?"

"आमची पावसाळ्याची सुकी मासळी कोळीवाड्यातनं यायची. बोंबील, जवळा, सगळं. चार महिने त्याच्यावरच घर. मांजरांचं माझ्या मम्मीला कळलं, ती लाटणं घेऊन दारात उभी. बोलली, आपले बोंबील टांगलेत त्या घरात तू विष मारणार? तिथे कोळणीपण दारात आडव्या. मग आमचं आपसात ठरलं. मी दारावर गेरूने तारीख टाकायची, आत पाय नाय टाकायचा."

"किती घरांत?"

"सगळ्यांत. दोन वर्षं."

मेघनाचं पेन थांबलं. त्याच तारखांचे तक्ते करून साहेबांनी परदेशी धाडले, आणि तिथून ते तिने झेरॉक्स करून आणले. त्या दोन वर्षांत डासांना पावडरीचा वाससुद्धा लागला नव्हता. बावीस वर्षं ती एका आईच्या लाटण्याचा अभ्यास करत होती आणि तिला पत्ता नव्हता.

वही मिटून उठता आलं असतं. अठ्ठ्याऐंशीच्या म्हाताऱ्याचं बोलणं, पुरावा काय? भलेभले विद्वान असंच उठतात आणि वर शाल-श्रीफळ घेतात. पण मेघनाला भलताच प्रश्न चावला होता.

"अंकल, मग पावडर गेली कुठे?"

"पंप रिकामा दाखवायला लागायचा. खाडीत ओतायचो." कायतान हसला. मग ते हसू मधेच अडकलं. "निवट्या..."

"काय?"

"चिखलातली मासळी गो. निवट्या. पोटं वर करून पडायच्या. आम्ही बोलायचो, उन्हाने."

"त्या कुणी खायचं?"

कायतानने भिंग बाजूला ठेवलं. हाताकडे बघत बसला.

"डॅडी, राहू दे," विल्मा म्हणाली.

"नको. लिही बाय. आता नावासकट लिही."

तिसऱ्या परदेशवारीत मेघनाला अर्ध्या पानाचं एक पत्र सापडलं होतं. कुणा अधिकाऱ्याने वकिलातीला लिहिलेलं: खाडीत मासे मरताहेत, कारण अज्ञात, आपला संबंध नाही. तिने ते पेन्सिलीने 'विषयाबाहेर' लिहून बाजूला ठेवलं होतं. स्वतःच्या हाताने.

जिना उतरताउतरता तिने प्रकाशकाला फोन लावला.

"छपाई थांबवा."

"मॅडम, चूक राहिली का कुठे?"

"पुस्तकच चूक आहे."

"अहो, मग आता लिहिणार काय?"

"फोटोखाली कायतान कुटिन्हो. पुढचं शोधते."

तिने टॅक्सीला हात केला. "शीव कोळीवाडा. खाडीपर्यंत."

"खाडीला कुठल्या बाजूने जाऊ, मॅडम?"

"मला काय माहीत? पहिल्यांदाच चाललेय."