मारबतीने नेलेला आवाज

मित्रांनो, मी एक जुना धोटा आहे, आणि माझा राग अजून गेलेला नाही.

धोटा म्हणजे काय, हे तुमच्यापैकी कित्येकांना ठाऊक नसेल. हातमागावर उभ्या धाग्यांमधून आडवा धागा घेऊन जो इकडून तिकडे धावतो, तो मी. काळ्या लाकडाची होडी म्हणा ना. दोन्ही टोकांना लोखंडी चोच. नागपुरात पाचपावलीकडच्या विणकरांच्या गल्लीत मी मैनाबाईच्या मागावर धावत असे. धावताना खटक-खटक बोलत असे, आणि त्या तालावर ती गाई,

जाय बाप्पा धोट्या, या काठून त्या काठा,
सुताच्या नदीमंधी तुले गवसतील वाटा.

मैनाबाई चेटकीण होती. गल्लीत कुणी लपवत नसे, तीही नाही. पण चेटकिणीचे गुण तिच्यात कमीच. अंधाराला ती भिई. सुपात बसून एकदा उडाली, तर निंबाच्या शेंड्यापर्यंत जाऊन ओकली. चेटकिणीची पावलं उलटी असतात म्हणून तिनेही उलटी करून पाहिली. मागाच्या फळ्या दाबता येईनात, तेव्हा संध्याकाळच्या आत सुलटी केली. उचकी थांबवण्याचा मंत्र मात्र तिला पक्का येई. त्यानंतर माणूस आठवडाभर शिंकत राही, एवढंच.

तिच्या साडीचा काठ असा सरळ उतरे, की बायका त्यावरून बोट फिरवत उभ्या राहत. तो मंत्राने नव्हे, माझ्या आवाजाने. खटक म्हटलं की ओवीचा शब्द, शब्द म्हटला की काठाचा धागा.

शेजारी देवराव राहायचा. सदरमध्ये त्याचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. सकाळपासून टिकटिक ऐकून तो दुपारी झोपायला घरी येई, तेव्हा त्याला घर मुकं हवं असे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात मारबत निघते, हे तुम्ही जाणताच. बांबूकागदाची ती अवाढव्य बाई गल्लीसमोरून जाते आणि जो तो आपली पीडा तिच्या गळ्यात घालतो. कुणी खोकला देतो, कुणी डास देतो. त्या वर्षी देवराव ओट्यावर उभा राहिला आणि घसा ताणून ओरडला,

"शेजारची खटखट घेऊन जा गे मारबत!"

आणि मारबत घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी मी धावलो तर आवाज नाही. मैनाबाईने मला हलवलं, फुंकर मारली, कानाशी धरलं. मी मुका झालो होतो. ताल नाही म्हणून ओवी अडली, ओवी अडली म्हणून काठ सापासारखा वाकडा गेला. तिने तेवढं कापड उसवलं, पुन्हा विणलं, पुन्हा वाकडं. मग मला कमरेला खोचलं आणि सावनेरची एसटी धरली. उडायचं नाव काढलं नाही.

"बाई, कमरेले काय हाय ते?" कंडक्टरने विचारलं.

"धोटा हाय. याले तिकीट लागते का गा?"

"बोलत असंल तर लागंल."

"बोलत नाही, म्हणूनच तर चालली."

माणसांना वाटतं, मारबत शहराबाहेर जळून जाते. ती जळते, पण तिने नेलेलं जळत नाही. सावनेरच्या पलीकडे कोळशाची एक सोडलेली खाण आहे. तिथे अर्धी करपलेली मारबत भर दुपारी पाय पसरून बसली होती. भोवती नागपूरचा खोकला, नागपूरचे डास, खरजेचे ढीग.

"काय पाहिजे वं?" ती म्हणाली. "एकच भेटंल. पटकन उचल, मले डास चावून राहिले."

मी कमरेत तडफडत होतो. मला आवाज नको होता, मला सूड हवा होता. खरूज उचल, मैनाबाई! त्याच्या घरात खरूज सोड! पण मुक्याचं कोण ऐकणार? तिने वाकून माझी खटखट उचलली.

"पण ओरडून हाकललेलं त्याच घरी परत जात नाही," मारबत म्हणाली. "दुसरं घर सांग."

मैनाबाईने मुठीतल्या खटखटीकडे पाहिलं. मग हसली. पहिल्यांदाच मला ती अस्सल चेटकीण वाटली.

"देवरावचं घर," ती म्हणाली. "त्याच्या गुडघ्यात ठेवजो."

मित्रांनो, तेव्हा मला कळलं, की माझा सूड पोरकट होता.

सकाळी देवराव उठला. खटक. बसला. खटक. दुकानात गिऱ्हाईक बंद घड्याळ कानाला लावून म्हणे, "हे तर चालून राहिलं!" दुपारी पाय पोटाशी घेऊन निजला, तरी खटक-खटक. दोन दिवसांनी तो आमच्या दारात आला.

"मैनाबाई, काय करून ठेवलं वं?"

"म्या काय केलं? तुम्हीच ओरडले ना? आता सकाळी माह्या अंगणात चाला. एक लुगडंभर चालले, की दुपारी झोपू देतील गुडघे."

तेव्हापासून रोज सकाळी देवराव अंगणात येरझारा घाली आणि आत मैनाबाई विणे. तो दमून थांबला, की आतून हाक येई, "काहून थांबले गा? पदर रायला!" मी मुक्याने धावत राहिलो. माझाच आवाज बाहेरून यायचा, परक्या पायांनी. काठ पुन्हा सरळ उतरला. पोरं भिंतीवर बसून बघत, आणि मला सांगायला लाज नाही, मला फार गोड वाटे.

आता एकोणीसशे ऐंशी साल उलटून गेलंय. गल्लीत यंत्रमाग आले. मैनाबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, माग सुटा करून माळ्यावर ठेवला, मी कोनाड्यात. देवराव म्हातारा झाला. कुणी बोलावत नाही, तरी सकाळी अंगणात येतो, चालतो. मैनाबाई खाटेवर बसून रिकाम्या हातांनी गुणगुणते.

यंदा मारबत आली, तेव्हा त्याची सून उत्तरा ओट्यावर उभी राहिली. तिला घर नवं, झोप कच्ची. तिने ओरडायला तोंड उघडलं, "मामंजींची खट..."

देवरावने तिच्या तोंडावर हात ठेवला.

"ते नको म्हणू, पोरी. ते आपलं नाही. मैनाबाईचं हाय, माह्यापाशी ठेवलं हाय."

उत्तराने मग डास दिले.

तर मित्रांनो, मारबतीपुढे ओरडण्याआधी शेजारच्या घरात एकदा कान द्या. तुमची पीडा कुणाचा तरी ताल असेल. आणि घरात एखादं हत्यार मुकं पडलं असेल, तर दसऱ्याला त्याच्यावर तेलाचं बोट फिरवा. मला तेल लावायला देवरावच येतो. मी त्याला माफ केलेलं नाही. माझी चोच अजून टोकदार आहे, आणि दर दसऱ्याला ती त्याच्या बोटात जराशी रुतते.

तो हात काढून घेत नाही.