चोर बाटली

तिला घरात सगळे म्हातारी म्हणायचे. वय अवघं तीस, पण सहा वर्षांची असल्यापासून हात मागे बांधून बाबांच्या मागं मागं तळघरात पिंपं तपासत फिरायची, म्हणून म्हातारी. आता तळघर तेच, पिंपं तीच, हात मागे बांधून फिरणारीही तीच, फक्त म्हातारी म्हणणारं घरात कोणी उरलेलं नाही. बाबा हिवाळ्यात गेले. दादा तीन वर्षांपूर्वीच गेला, म्हणजे लांब नोकरीला गेला, तसला गेला नव्हे.

तर यांची वाइनरी पणजोबांपासूनची, आणि पणजोबांपासूनचाच एक कायदा. पाच पिंपांतलं एकच निवडायचं, त्याच्या बाटल्यांवर घराचं लेबल, बाकीची चार हॉटेलवाल्यांना विकून टाकायची. पण निवडायचं एका जिभेवर नाही, मग ती जीभ बाबांची का असेना. पिंपांतून आकडे घातलेल्या छोट्या बाटल्या भरायच्या, प्रत्येकानं एकटं बसून चाखायचं, चकार शब्द न बोलता चिठ्ठीवर आकडा लिहायचा. दोन चिठ्ठ्या जुळल्या की दोघांनी त्या पिंपावर खडूनं आपापली खूण करायची. नाही जुळल्या तर उद्या परत. एका साली बाबा आणि ती नऊ दिवस अडून बसले होते, बोला. तिची खूण फुलीची. दादाची गोल, आणि दादा डावखुरा, त्यामुळे तो गोल कधी पुरता मिटायचा नाही, खाली फट राहायचीच.

आणि खरी गंमत पुढे आहे. बाटल्या पाच नाही, सहा असायच्या. सहावी चोर. तिच्यात पार आंबून व्हिनेगर झालेली वाइन. कोण नुसतं चाखल्याचं नाटक करतंय ते पकडायला बाबा ती मधेच कुठंतरी घुसडायचे. चोर ज्याला सापडला नाही त्यानं सगळ्यांचे ग्लास धुवायचे. दादानं पंधराव्या वर्षी चोराचा हा मोठा घोट घेतला आणि सगळा बाबांच्या पांढऱ्या शर्टावर उडवला. त्या शर्टाचं शेवटी फडकं झालं, पण हसणं वर्षभर पुरलं.

या वर्षी बाटल्या भरायचं मशीन ट्रकवर येणार होतं गुरुवारी. मशीनवाल्याचा फोन आला, "ताई, कुठल्या पिंपाला पाइप लावायचा तेवढं ठरवून ठेवा हं, मला पुढं अजून दोन ठिकाणं आहेत."

तिचं तर ठरलेलं होतं. चार नंबर. तीनदा चाखलं, तिन्ही वेळा चारच. पण चिठ्ठी एकच. मग तिनं सहा बाटल्या खोक्यात भरून दादाला कुरिअर केल्या. चोर घालू की नको म्हणून खोक्यापुढं अर्धा तास बसली, शेवटी घातला, दोन नंबरला. बाबांनी घातलाच असता. आणि चाखायच्या टेबलावर आपला आणि दादाचा असे दोन ग्लास मांडले होते, त्यातला दादाचा तसाच राहू दिला.

बुधवारी दुपारपर्यंत वाट बघून तिनंच फोन लावला.

"मिळाल्या का बाटल्या?"

"सोमवारीच मिळाल्या की, म्हातारे."

त्या एका शब्दानं तिला इतकं बरं वाटलं की ती पायरीवर बसलीच.

"मग?"

"मग काय, सगळ्या झकास."

"सगळ्या?"

"अगं खरंच. तूच ठरव ना, तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

"तसं चालत नाही, दादा. आकडा सांग."

मागून कोणीतरी त्याला मीटिंगला बोलावत होतं. "आलो, आलो. बरं, दोन. दोन नंबर प्यायलो आणि बाबाच आठवले बघ."

तिच्या जिभेवर आलं होतं, अरे गाढवा, दोन नंबर काकडीवर ओतायच्या लायकीची आहे. बोलली असती तर तो ओशाळला असता, हसला असता, सॉरी म्हणाला असता. आणि पुढच्या वर्षी तिनं खोकं कोणाला पाठवायचं?

"हो ना," ती म्हणाली, "माझंही दोनच होतं."

"बघ, म्हणजे जीभ शाबूत आहे माझी."

"आहे तर."

फोन ठेवला आणि ती तळघरात गेली. चार नंबरच्या पिंपावर फुली मारली. एका फुलीवर भागलं असतं, विचारायला होतं कोण? तरी तिनं खडू डाव्या हातात घेतला. पहिला गोल भोपळ्यासारखा झाला. बाहीनं पुसला. दुसरा इतका सुबक की दादा सात जन्मांत काढणार नाही, तोही पुसला. तिसऱ्याला बरोबर खाली फट राहिली.

गुरुवारी मशीनवाला पाइप ओढत आला, पिंपाकडं बघून थांबला.

"अरे वा, दादा येऊन गेले वाटतं."

"घाईत होता," ती म्हणाली.

"चहाला तरी थांबायचं."

"म्हटलं होतं मी."

वर मशीनची घरघर सुरू झाली, बाटल्या एकमेकींना किणकिणत पुढे सरकायला लागल्या. ती टेबलापाशी आली. चोर ज्याला सापडला नाही त्यानं ग्लास धुवायचे. पण धुणारा इथं कुठंय, म्हणून तिनंच दोन्ही उचलून नळाखाली धरले. आधी आपला धुतला, मग दादाचा. तो तसा स्वच्छच होता, पण धुतला.