भावकूचा कोट

शहरातल्या कॅम्प भागात एका हॉलात जुन्या फॅशनचं प्रदर्शन लागलं होतं. बेलबॉटम, गॉगल, पिक्चरची पोस्टरं, सगळं बघायला मिळतंय म्हणून रक्षानं आजीला, मालुबाईला, आणि बापाला, भरमाला, सांबरा गावाहून ओढूनच आणलं. मालुबाई खुशीत आली होती. बायकांचे ते झालरीचे ब्लाऊज बघून तोंडाला पदर लावून हसलीसुद्धा. मग कोपऱ्यातल्या लाकडी स्टँडवर तिची नजर गेली आणि तिनं तोंडावरचा पदर खाली सोडला.

तिथं तो कोट होता. मोठ्या चौकड्यांचा, खिशाला पेन लावलेला.

आता हा कोट म्हणजे काही साधी भानगड नव्हती. भरमा पाळण्यात असतानाच त्याचा बाप भावकू गेला. मागं राहिला एकच फोटो. त्यात भावकू हाच कोट घालून साहेबासारखा ऐटीत उभा. पोरगं बोलायला लागल्यावर विचारायचं, आप्पा काय करत होता? भावकू दुसऱ्याच्या शेतात राबायचा, सहीच्या जागी अंगठा उठवायचा. पण फोटोकडं टक लावून बसलेल्या पोराला हे कुठल्या तोंडानं सांगायचं? मालुबाई म्हणाली, लई शिकलेला होता तुझा आप्पा. मग कोट कुठाय? उंदरांनी खाल्ला. झालं! फोटोतल्या त्या पेनाच्या जिवावर भरमा शिकला, तालुका ऑफिसात कारकून झाला, आणि आल्यागेल्याला बापाचा फोटो दाखवत राहिला.

डोकं दुखतंय, घरी जाऊ, असं मालुबाईनं नातीला सांगून बघितलं. पण भरमा तोवर कोटामागच्या भिंतीपाशी पोचला होता. भिंतभर एका जुन्या स्टुडिओतले फोटो. नवरदेव, पैलवान, फौजी, म्हातारे, आणि सगळ्यांच्या अंगात तोच कोट, खिशाला तेच पेन. गिऱ्हाइकांसाठी स्टुडिओत हा एकच कोट असायचा, असं खाली लिहिलेलं. भरमानं कोटाचं पेन ओढून बघितलं. ते निघेना. नुसतं टोपण होतं, खिशाला दोऱ्यानं शिवलेलं.

संपलं सगळं, मालुबाईला वाटलं. आयुष्यभर जपून दिलेला बाप आपणच पोराच्या हातून काढून घेतला. तिला त्याच्याकडं बघवेना.

कोट घालून फोटो काढायची मुभा होती. भरमानं तो उतरवला आणि अंगात घातला. खुर्चीत बसून सुटलेलं त्याचं पोट, तरी कोट बसला. कारण पाठीवर तो मुळातच उभा फाडलेला होता, आणि कुणालाही बसावा म्हणून दोन्हीकडं नाड्या लावलेल्या.

भरमा आईकडं पाठ करून उभा राहिला.

"आई, नाड्या बांध."

तिनं नाड्या हातात घेतल्या. एक गाठ बसली, दुसरी सुटली.

"आप्पाच्या बी तूच बांधल्यास न्हवं?"

"व्हय," मालुबाई म्हणाली. आता लपवायचं काय उरलं होतं? "लई हडकुळा होता रं. किती आवळलं तरी ढिलाच. शिकलेला बी नव्हता. पर फोटो काढला तवा तू पोटात होतास. म्हणाला, मालू, ह्या खिशाला नुसतं टोपणच हाय बघ. आपल्या पोराला खरं पेन घिऊ."

भरमाचा हात बराच वेळ डोळ्यांवर होता. मग त्यानं कोटाच्या आतून आपल्या शर्टाचं पेन काढलं, त्या शिवलेल्या टोपणाशेजारी नीट लावलं आणि लेकीला म्हणाला, "आता काढ फोटो. आजीला माझ्याजवळ उभी कर."