आखाजी : सकाळी दहा ते सायंकाळी पाच

सकाळी १०.०० : माहेरवाशिणींचे आगमन व औक्षण

पत्रिकेत दहा छापलं होतं, गाडी पोचली पावणेबाराला. शिंदखेड्याकडून निघायचं, वाटेत आणखी दोघींना घ्यायचं, पारोळा, एरंडोल करत जळगावजवळ पिंप्राळ्याच्या वसतिगृहापर्यंत यायचं, एवढा वेळ होणारच. गाडी सुभाषचंद शेठजींची, म्हणजे वसतिगृहातल्या मुलींच्या बाबूजींची; चालवणारा त्यांचाच प्रेमराज. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीला सासरहून आणायला भाऊ जातो. भाऊ नसला तर काका, तोही नसला तर भावकीतलं कुणी. पण मुलींच्या वसतिगृहातून लग्न होऊन गेलेल्यांना आणायला कोण जाणार? म्हणून शेठजींच्या मंडळाने गेल्या वर्षापासून प्रेमराजला पाठवायला सुरुवात केली. सकाळी आणायचं, गोडधोड जेवू घालायचं, साडी द्यायची आणि पाचला परत पाठवायचं. सगळं माहेर सात तासांत.

हेमलता गाडीतून उतरली तेव्हा तिच्या हातात फुगलेली पिशवी होती. सासूला तिने सांगितलं होतं, दिलेल्या साड्या नेसून दाखवायच्यात, तसा निरोप आहे. पिशवीत तीन साड्या होत्या आणि त्यांच्या घडीत आधार कार्ड आणि दहावीची गुणपत्रिका. सकाळी उंबरा ओलांडतानाच तिने मनाशी पक्कं केलं होतं की पाच वाजता या गाडीत बसायचं नाही. पाय धरावे लागले तर धरायचे.

शेठजींच्या पत्नी लाडकुंवरबाई ताट घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांची सून आयुषी मोबाइलवर चित्रण करत होती. मंडपातल्या पंख्याने निरांजन विझलं, म्हणून औक्षण दोनदा झालं.

११.०० : झोका व आखाजीची गाणी

दहा मिनिटांत उरकलं. अंगणातल्या निंबाला दोर बांधला होता. चव्वेचाळीस डिग्री ऊन. वसतिगृहातल्या लहान मुली सकाळपासून नव्या फ्रॉकमध्ये घामाघूम बसून होत्या. आलेल्या तिघींना एकेक झोका दिला आणि पुरे झालं.

हेमलता सात वर्षांची असताना ठाकऱ्या, तिचा बाप, तिला सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून इथे घेऊन आला होता. आई, धनीबाई, तापाने गेली होती. आखाजीला न्यायला येतो, असं सांगून तो गेला. लग्न होईपर्यंत तिच्या अकरा आखाज्या या निंबाखालीच गेल्या.

पत्रिकेत नाही : स्वयंपाकघर

ललितामावशी खापरावर पुरणपोळी टाकत होती. स्वयंपाकीण म्हणून ठेवलेली बाई, पण हेमलताच्या केसांतल्या उवा तिनेच काढलेल्या. पोळीचा तुकडा तिने हेमलताच्या तोंडात दिला आणि हेमलता तो एकाच बाजूने चावतेय हे बघत राहिली.

"दात दुखतो का गं?"

"दोन नाहीत," हेमलता म्हणाली.

मग तिने बाकीचं सांगितलं. नवरा, ईश्वर, दारू पीत नाही. प्यायला असता तर निदान उतरल्यावर थांबला असता. सासू रोज तेच म्हणते, तुले कोठे माहेर शे, कोन इचारी तुले. पौषात ती पोलीस चौकीत गेली होती. तिथल्यांनी ईश्वरला बोलावून घेतलं, दोघांच्या सह्या घेतल्या आणि त्याच्याच मोटरसायकलवर बसवून तिला घरी धाडलं. दात त्यानंतरचे.

"मावशी, मी जात नाही आता. तुझ्या खोलीत कोपऱ्यात राहीन. भांडी घासीन."

मावशीने पोळी उलटवली. पोळी करपली होती. ती म्हणाली, पोरी, माझं ऐक, तू आता

१.०० : स्नेहभोजन

अठरा वर्षांच्या वर गेलेली आहेस. वसतिगृहाच्या पटावरून नाव कमी झालंय. मागच्या वर्षी अशीच एकजण दोन रात्री माझ्या खोलीत राहिली, तर तपासणीत सापडली आणि मला नोटीस आली. मी गेले तर या लहानग्यांना कोण रांधून घालेल? एवढं सगळं मावशी आमरसाचं पातेलं मंडपात नेता नेता, हसऱ्या तोंडाने, दबक्या आवाजात बोलली. शेवटी म्हणाली, बाबूजींना सांग. देवमाणूस आहे. तुझं कन्यादान त्यांनीच केलंय.

मंडपातल्या पहिल्या दोन रांगांत टोप्या, उपरणी आणि डोक्यावर पदर घेतलेल्या बायका होत्या. महिनाअखेरीच्या सामुदायिक विवाहात वसतिगृहातल्या सहा मुलींची लग्नं ठरली होती. ही त्यांच्या सासरची माणसं. दिलेल्या लेकी कशा नांदतात ते त्यांनी डोळ्यांनी बघावं, म्हणून बाबूजींनी त्यांना आवर्जून बोलावलं होतं.

२.३० : माहेरवाशिणींचे मनोगत

प्रत्येकीला दोन मिनिटं. वसतिगृहाच्या अधीक्षिकाबाईंनी तिघींना चिठ्ठ्या लिहून दिल्या होत्या. हेमलताने चिठ्ठी उघडली नाही. माइक धरला, त्याची खरखर थांबेपर्यंत वाट पाहिली.

"मला परत जायचं नाही," ती म्हणाली. "मला इथंच राहू द्या."

पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीने डोळ्यांना पदर लावला. हेच शब्द ती कधीतरी आपल्या बापाला म्हणाली होती. तिच्या शेजारचीही म्हणाली होती. आखाजीला माहेरी आलेली लेक दुसरं काय म्हणते? खानदेशातल्या बाईने झोक्यावर बसून सासरी जायच्या नावाने रडायचं, आईने समजूत घालायची आणि मग पाठवायचं, ही रीतच आहे. न रडता निघाली तर उलट माहेरात काही उणं पडलं म्हणतात. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. एका टोपीवाल्या आजोबांनी शेजाऱ्याला सांगितलं की पोरीला इथे माया मिळालीय, संस्कार आहेत. लाडकुंवरबाईंनी स्टेजवर येऊन तिला छातीशी धरलं. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

हेमलताचं बोलणं अजून बाकी होतं. माइक पुढचीच्या हातात गेला.

३.१५ : साडीवाटप

झालं.

३.४५ : आभार

झाले.

पत्रिकेत नाही : कार्यालय

बाबूजींनी तिला समोर बसवलं, पंखा बंद करवला, कारण त्याच्या आवाजात त्यांना नीट ऐकू येत नाही. तिने सगळं सांगितलं. दात दाखवले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ डोळे चोळत बसले. त्यांनी तिच्यावर शंका घेतली असती, तिलाच चार शब्द सुनावले असते, तर तिला भांडता आलं असतं. त्यांनी सगळं खरं मानलं.

"बेटा, बाहेर सहा मुलींच्या सासरची माणसं बसलीत. दिलेली लेक परत आली, हे त्यांना कळलं तर संध्याकाळपर्यंत सहा नकार येतील. त्या सहाजणींना मी काय सांगू?"

"त्यांनाही पाठवू नका."

"मग कुठे पाठवू?"

हा टोमणा नव्हता. ते खरोखर विचारत होते. बावीस वर्षं ते या वसतिगृहाला धान्य देत होते, फटाके देत होते, राख्यांना येऊन बसत होते, आणि या प्रश्नाला त्यांना लग्न सोडून दुसरं उत्तर सापडलं नव्हतं. हेमलताही उत्तर शोधू लागली. जळगाव, धुळे, पाडा, जिथं जिथं माणसं होती ती सगळी ठिकाणं तिने मनात फिरून पाहिली.

मग मुलीच्या बापाने जे करायचं ते बाबूजींनी केलं. त्यांनी जावयाला फोन लावला, तिला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. जावईबापू म्हणत, आर्जवाने, पण स्पष्ट बोलले. पोरीला दुखवू नका, तिच्या पाठीशी मी आहे. पलीकडून ईश्वर म्हणत होता, हो बाबूजी. चुकलं बाबूजी. तुम्ही वडीलधारे. बाबूजींचा चेहरा मोकळा झाला. नवरा-बायकोत आपण कशाला, म्हणून त्यांनी आवाज कमी करून फोन तिच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन दार लोटून घेतलं.

हेमलताने फोन कानाला लावला.

"व्हिडिओ दखा मी," ईश्वर म्हणाला. "बठ्ठा गावनी दखा. ये आते घर."

आयुषीने मनोगताचा व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवर टाकला होता. त्यात जावईही होते, आणि तिथून तो सगळ्या गावाने पाहिला होता. तिने खाली लिहिलं होतं, माहेरची ओढ.

सायंकाळी ५.०० : पाठवणी

हेमलता स्वयंपाकघरात ओट्याला पाठ लावून खाली बसली होती. बाकीच्या दोघी गाडीत बसून होत्या. प्रेमराजने दोनदा हॉर्न वाजवला. अधीक्षिकाबाई येऊन गेल्या, मग लाडकुंवरबाई येऊन गेल्या. ती उठली नाही. ललितामावशी तिच्याकडे पाठ करून, घासून झालेलं पातेलं पुन्हा घासत होती.

मग रुमा आली. सहा जणींतली एक. हेमलता इथे असताना रोज तिची वेणी घालायची. मावशीच्या खोलीत राहू दिलं नसतं, तर ओसरीत, निंबाखाली, कुठेही राहून हेमलता या पोरीला सांगणार होती, नकार दे. ते सांगण्यासाठी तिने तोंड उघडलंच होतं.

रुमा तिच्यासमोर उकिडवी बसली.

"ताई, तू जा ना. ती माणसं विचारायला लागलीत, ही का बसली म्हणून. आमचं मोडेल."

हेमलताने उघडलेलं तोंड मिटलं.

"पुढच्या महिन्यात माझं नाव कमी होतंय, ताई," रुमा म्हणाली.

हेमलता उठली. रुमाने तिची पिशवी उचलून गाडीपर्यंत नेली.

पत्रिका इथे संपते

एरंडोल, पारोळा. वाटेत दोघी आपापल्या फाट्यांवर उतरल्या. धुळ्यात प्रेमराजने चहाला गाडी थांबवली. दार उघडंच होतं. समोर बसस्थानकाकडे जाणारा रस्ता होता, माणसं होती, रिक्षा होत्या. हेमलताने त्या सगळ्याकडे पाहिलं. प्रेमराजने काचेतून चहा दिला, तो तिने पिऊन टाकला.

शिंदखेड्याच्या अलीकडे फाट्यावर ईश्वर उभा होता. धुतलेला सदरा, भांग पाडलेला. त्याने पुढे येऊन पिशवी घेतली, प्रेमराजला भाऊ म्हणून पाणी विचारलं. प्रेमराजला हुकूम होता की सुखरूप पोचवल्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. दोघं शेजारी उभे राहिले. ईश्वरने तिच्या खांद्यावर हात ठेवला. पहिल्या फोटोत तिचे डोळे मिटलेले आले, म्हणून प्रेमराज म्हणाला, ताई, जरा इकडे बघा, आणि दुसरा काढला.

फोटो गेला. लगोलग ग्रुपवर जोडलेले हात येऊ लागले.

प्रेमराजने गाडी फिरवली. ती वळून दिसेनाशी होईपर्यंत ईश्वरचा हात तिच्या खांद्यावर तसाच होता.